थेट प्रक्षेपणाला ड्रोन नको, सभागृहात लॅनचे एक टोक हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी 'कार्यक्रम वेळेवर सुरू होईल' ही ओळ असायचीच. तिच्याखाली आता 'यूट्यूबवर थेट प्रक्षेपण' ही ओळ आली आहे. दोन्ही सारख्याच खऱ्या ठरतात. व्याख्यानमाला असो, तालमीचा वर्धापनदिन असो, खासबागेतल्या कुस्त्या असोत की शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. पुण्यात, मुंबईत, दुबईत बसलेला कोल्हापूरकर हौसेने लिंक उघडतो. चित्र झकास दिसते, आवाज मात्र आडातून आल्यासारखा. भाषण रंगात आले की नेमका पडदा गोठतो आणि मधोमध चक्र फिरायला लागते. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत ठरते, पुढच्या वर्षी कॅमेरा मोठा आणायचा, जमले तर ड्रोनही.

कॅमेऱ्यामुळे फसलेले प्रक्षेपण शोधूनही क्वचित सापडते. फसते ते दोन ठिकाणी: मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक एकत्र करणाऱ्या साऊंडवाल्याच्या यंत्रातून, लॅपटॉपकडे येणाऱ्या आवाजाच्या वायरीत आणि सभागृहातून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटमध्ये. सॉफ्टवेअरला तर एक रुपयाही लागत नाही. चित्र आणि आवाज एकत्र करून यूट्यूबकडे पाठवणारे ओबीएस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०१२ पासून उपलब्ध आहे. ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते, कोपऱ्यात स्वतःचा शिक्का उमटवत नाही आणि अर्ध्या तासाने 'आता पैसे भरा' म्हणत नाही. त्यामुळे मंडळांनी पैसा कुठे घालावा आणि सभागृहांच्या व्यवस्थापनाने काय करावे, हे थोडे तपशिलात मांडतो.

आधी इंटरनेट. 'आमच्याकडे शंभर एमबीपीएस आहे' असे सांगितले जाते तो आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. प्रक्षेपणाला लागतो अपलोड, आणि तोही तासन्‌तास एकसारखा. ओबीएसमध्ये बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, ७२० पी चित्रासाठी २५०० केबीपीएस आणि आवाजासाठी १२८ केबीपीएस ठेवले की तासाला सुमारे १.२ जीबी डेटा जातो. एवढ्यासाठी मोजलेला अपलोड दुप्पट, म्हणजे निदान ५ एमबीपीएस असावा. स्पीड टेस्टचा आकडा काही सेकंदांचा असतो आणि कार्यक्रम तीन तासांचा. सगळ्यात फसवी असते ती दुपारी चारला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केलेली चाचणी. रिकाम्या मैदानात नेट पळतेच. सहाला हजारो माणसे खिशात फोन घेऊन त्याच टॉवरखाली येऊन बसतात, निम्मे जण स्वतःच लाइव्ह सुरू करतात, आणि चारचा आकडा कागदावर राहतो. सभागृहातल्या वायफायचेही तेच होते. खचाखच भरलेल्या हॉलमध्ये वायफायवर प्रक्षेपण करणे म्हणजे भर गर्दीत महाद्वार रोडने ट्रक नेण्यासारखे आहे.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: लॅन केबल, म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची इंटरनेटची वायर. पेठेत मंडपाशेजारच्या दुकानात किंवा घरात फायबर असतेच. त्या राउटरपासून कॅट ६ प्रकारची लॅन केबल ओढावी. अखंड १०० मीटरपर्यंत ती नीट चालते. विजेच्या वायरीला गुंडाळून ती नेऊ नये, आणि खुर्च्यांच्या पायाखालून तर नाहीच. दुसरा मार्ग म्हणून वेगळ्या कंपनीचे सिम असलेला फोन तयार ठेवावा, पण तो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून. हॉटस्पॉट केला की पुन्हा वायफायच आले. ओबीएसच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेटवर्कखाली बिटरेट आपोआप कमी-जास्त करण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करावी. लाइन मंदावली तर चित्र थोडे पुसट होते, पण तुटत नाही.

वीज गेली तर? लॅपटॉपला बॅटरी असते, जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत सुरू होतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. राउटर आणि फायबरचा डबा मात्र त्या दहा सेकंदांत बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटे घेतो. तेवढ्यात यूट्यूबवर 'ऑटो-स्टॉप' चालू असेल तर यूट्यूब कार्यक्रम संपला असे समजते, आणि पत्रिकेत छापलेली, सगळ्या ग्रुपवर फिरलेली लिंक मरते. नवी लिंक निघते, पण ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचेस्तोवर आभारप्रदर्शन चालू असते. म्हणून ऑटो-स्टॉप बंद ठेवावा आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. ओबीएस स्वतः पुन्हा जोडणीचा प्रयत्न करत राहते, आणि त्याच लिंकवर कार्यक्रम पुढे सुरू होतो.

आता आवाज. खरे दुखणे इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅमेऱ्याच्या किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर अवलंबून राहिले की सभागृहाचा घुमारा, पंखे आणि शेजारच्या खुर्चीवरचे काका एवढेच नीट ऐकू येते. आवाज मिक्सरमधूनच घ्यावा. तोही स्पीकरकडे जाणाऱ्या मेन आउटमधून नको, वेगळे मिश्रण बाहेर देणाऱ्या ऑक्स आउटमधून. मेनचे मिश्रण हॉलसाठी केलेले असते. भजनात तबला, पखवाज, टाळ हॉलमध्ये मुळातच मोठे असतात, म्हणून साऊंडवाला स्पीकरमध्ये ते कमी ठेवतो किंवा देतच नाही. ते मिश्रण जसेच्या तसे घेतले तर घरी ऐकणाऱ्याला बुवा ऐकू येतात, तबला नाही. ऑक्सवर आपले वेगळे मिश्रण हेडफोन लावून तयार करता येते. व्याख्यानाला ऑक्स पोस्ट-फेडर, म्हणजे साऊंडवाल्याच्या सरकत्या बटणानंतरचा, चालतो. साऊंडवाल्याने माइक खाली केला की आपल्याकडेही तो खाली होतो, आणि व्यासपीठावरची खासगी कुजबुज बाहेर जात नाही. गाण्याला प्री-फेडर, म्हणजे त्या बटणाआधीचा, बरा, म्हणजे हॉलमध्ये शिट्टी येऊ नये म्हणून त्याने केलेले चढउतार आपल्या आवाजाला लागत नाहीत.

मिक्सरमधून निघणारी पातळी सुमारे एका व्होल्टची असते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते. थेट जोडले की आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज ओबीएसमध्ये कितीही खाली ओढला तरी फाटलेलाच राहतो. साध्या दोन-तीनशे रुपयांच्या यूएसबी साऊंड कार्डलाही बहुधा माइकचेच भोक असते; तिथेही हाच घोळ. लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. ते शक्य नसेल तर ऑक्सचे बटण अगदी थोडे उघडून सुरुवात करावी. लॅपटॉपला एकच भोक असेल तर ते चार भागांच्या पिनचे असते. त्यात नेहमीची तीन भागांची पिन खुपसली की लॅपटॉपला वाटते हेडफोन लावला, आणि आवाज येतच नाही. त्यासाठी माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागतो.

मग येते ती गुणगुण, म्हणजे ५० हर्ट्झचा हम्म आवाज. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: लॅपटॉपचा चार्जर उपसून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा. मिक्सर एका भिंतीवरच्या सॉकेटवर आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीवर असला की हे होते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणावेत. तरीही राहिली तर मध्ये दोन्हींचा विजेचा थेट संबंध तोडणारा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स लावावा. चार्जरची किंवा मिक्सरची अर्थची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत. गुणगुण जाते हे खरे, पण पावसाळ्यात ओल्या मंडपात माइक धरणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. हे कुणीही करू नये.

ओबीएसमध्ये बोलण्याचा आवाज पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या दरम्यान खेळता ठेवावा आणि लिमिटरचा फिल्टर लावावा, म्हणजे घोषणा झाल्या तरी लाल रेघ ओलांडली जात नाही. आवाज एकाच कानात येत असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओमध्ये 'मोनो'वर खूण करावी. ऑक्सची एकच वायर असते तेव्हा हे हमखास होते. 'डेस्कटॉप ऑडिओ' बंद ठेवावा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपची टिंगटिंग भाषणाला साथ देते. गोंगाट कमी करणारा आरएनएन-नॉइज फिल्टर भाषणाला उत्तम. पण त्याला ओळखता येतो तो फक्त माणसाचा बोलण्याचा आवाज. हार्मोनियम आणि तबला त्याच्या लेखी गोंगाटच. भजनाच्या वेळी तो बंद केला नाही तर पेटीचा सूर मध्येच गिळला जातो, आणि लोक साऊंडवाल्याला बोल लावतात.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत ही तक्रारही नेहमीची. कॅमेऱ्याचे चित्र ते लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या कॅप्चर कार्डातून येताना किंचित उशीर होतो, आवाज मात्र वायरीतून तत्काळ येतो. कार्यक्रमाआधी व्यासपीठावर एकाला उभे करावे, माइकसमोर तीन टाळ्या वाजवायला सांगाव्यात आणि दहा सेकंद रेकॉर्ड करावे. मग ते रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावे. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. टाळीचा आवाज हात जुळण्याच्या चार फ्रेम आधी आला, तर मिक्सरच्या आवाजाला सिंक ऑफसेटमध्ये, म्हणजे आवाज उशिरा सोडण्याच्या चौकटीत, १६० मिलिसेकंद द्यावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याला छदामही लागत नाही.

२५ फ्रेम का, तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ओबीएस मुळात ३० वर लावलेले असते आणि बरेच फोन, कॅमेरे ६० हर्ट्झच्या देशांच्या हिशेबाने. मग ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळांखाली चित्र लुकलुकते किंवा पट्टे सरकतात. ओबीएस २५ वर, कॅमेरा २५ किंवा ५० वर आणि शटर १/५० ठेवले की बहुतेक वेळा हा त्रास जातो. मागे एलईडी भिंत असेल तर एक्सपोजर हाताने वक्त्याच्या चेहऱ्यावर बांधून टाकावे. आपोआप ठेवले की भिंत उजळ आणि पाहुणे काळे. कीफ्रेम (पूर्ण चित्र नव्याने पाठवण्याचे अंतर) २ सेकंद आणि बिटरेटचा प्रकार 'सीबीआर', म्हणजे स्थिर, ठेवला की चित्राचे सेटिंग संपले. व्याख्यानाला एवढे भरपूर होते. फुटबॉलला मात्र २५०० केबीपीएसमध्ये गवताचा लगदा होतो, कारण कॅमेरा फिरला की अख्खे चित्र बदलते. तिथे ५० फ्रेम आणि ४५०० केबीपीएस द्यावेत, म्हणजे तासाला दोन जीबीच्या वर. खासबागेत दुपारनंतरच्या कुस्त्या असतील तर कॅमेरा पश्चिमेच्या अंगाला उंचावर लावावा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. गुलालाच्या कार्यक्रमात लॅपटॉप मंडपाच्या आत, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवावा. त्याचा पंखा गुलाल ओढून घेतो, मग लॅपटॉप तापतो आणि फ्रेम गळायला लागतात.

फ्रेम गळण्यावरून आठवले. ओबीएसच्या 'स्टॅट्स' खिडकीत तीन वेगवेगळे आकडे असतात आणि लोक तिन्हींचे खापर इंटरनेटवर फोडतात. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम वाढत असतील तर दोष लाइनचा; बिटरेट कमी करावा. एन्कोडिंगमुळे, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या कामामुळे, सुटलेल्या वाढत असतील तर प्रोसेसर दमलाय. एक्स२६४ हा एन्कोडर 'व्हेरीफास्ट'वर किंवा त्याहून हलक्या पर्यायावर आणावा, नाहीतर इंटेलचे क्विक सिंक, एनव्हिडियाचे एनव्हेंक असे हार्डवेअर एन्कोडर निवडावेत. रेंडरिंगमुळे चुकलेल्या वाढत असतील तर ग्राफिक्सवर भार आहे. मागे उघडे ठेवलेले ब्राउझर आणि नको असलेले सीन, म्हणजे ओबीएसमधल्या पडद्याच्या मांडण्या, बंद करावेत. लॅपटॉप चार्जरवरच चालवावा, बॅटरीवर तो स्वतःचा वेग कमी करतो.

वक्त्यांच्या नावाची मराठी पट्टी हाही एक घोटाळा. लिनक्सवर ओबीएसचा फ्रीटाइप मजकूर स्रोत जोडाक्षरे तोडतो आणि वेलांटी भलत्या जागी टाकतो. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या डीटीपी फाँटमधला असेल तर विंडोजवरही अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. आदल्या दिवशी इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटने पट्टी करून पारदर्शक पीएनजी ठेवावी, म्हणजे ऐन वेळी व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या नावाची चिरफाड होत नाही. सीन तीनच पुरतात: सुरुवातीची पाटी, व्यासपीठ, आणि 'थोड्याच वेळात परत येत आहोत'. हा तिसरा सीन महत्त्वाचा, कारण त्यात मिक्सरचा आवाज ठेवायचा नाही. मध्यंतरात साऊंडवाला चित्रपटगीत लावतो, यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, आणि प्रक्षेपण मध्येच थांबवले जाऊ शकते. गाणे पाच मिनिटांचे, नुकसान पूर्ण संध्याकाळचे.

चॅनेल कुणाच्या नावावर आहे हेही पाहावे. बऱ्याच मंडळांचे चॅनेल एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर असते. तो नोकरीला बाहेर गेला की दहा वर्षांच्या कार्यक्रमांची किल्ली त्याच्याबरोबर जाते. खाते संस्थेच्या नावाचे असावे आणि निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे त्याचा ताबा असावा. 'स्ट्रीम की', म्हणजे प्रक्षेपणाचा गुप्त संकेतशब्द, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. ती ज्याच्या हाती तो तुमच्या चॅनेलवर काहीही दाखवू शकतो. नव्या चॅनेलला फोन क्रमांकाची पडताळणी करून लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी सकाळी हे काम काढू नये. आणि प्रक्षेपणाबरोबर लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही करावे, एमकेव्ही प्रकारात. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली तर बहुधा पूर्ण फाइल वाया जाते, एमकेव्हीत तोपर्यंतचे सगळे शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून ती एमपी४ करून घेता येते. व्याख्यानमालेच्या दृष्टीने ही फाइलच खरा ठेवा. तिची एक प्रत ग्रंथालयाच्या हार्ड डिस्कवर असावी.

यूट्यूबशिवायही मार्ग आहे. ग्रामसभा, सहकारी संस्थेची सभा असे जिथे मध्ये जाहिराती नको असतात, तिथे स्वतःचे प्रक्षेपण चालवणारे ओनकास्ट हे मुक्त सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर बसवता येते. ओबीएसमध्ये फक्त पत्ता आणि की बदलायची, सर्व्हरवर १९३५ हे पोर्ट, म्हणजे ओबीएसचे चित्र आत येण्याची वाट, उघडायचे. हिशेब मात्र आधी करावा. यूट्यूबवर प्रेक्षकांचा भार यूट्यूब उचलते, इथे तो आपल्या सर्व्हरवर येतो. १.५ एमबीपीएसचे चित्र ३०० जण एकदम पाहणार असतील तर सर्व्हरमधून ४५० एमबीपीएस बाहेर जातात, आणि दोन तासांत सुमारे ४०५ जीबी. स्वस्त सर्व्हरच्या महिन्याच्या डेटाचा बराचसा वाटा एका सभेत संपू शकतो. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेच्या पीअरट्यूब या यूट्यूबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून लाइव्हची सोय आहे. त्यात पाहणारे आपापसांतही चित्राचे तुकडे वाटून घेतात, तेवढाच भार हलका होतो. गावच्या सभेला शे-दोनशे प्रेक्षक असतील तर हे सहज पेलते. पाच हजारांना यूट्यूबच बरे.

आता मागणी. हे सगळे मंडळांनी शिकले तरी अर्धे काम सभागृहाच्या हातात आहे. शहरातल्या सभागृहांत ध्वनियंत्रणेवर, रंगरंगोटीवर, खुर्च्यांवर खर्च होतो. पण मागच्या बाजूला, जिथे कॅमेरा उभा राहतो, तिथे लॅनचे टोकही नसते आणि मिक्सरच्या आवाजाची लाइनही नसते. दर कार्यक्रमाला प्रत्येक जण नव्याने वायरी अंथरतो, चिकटपट्ट्या लावतो, कुणीतरी अडखळते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. त्याच्या पुनर्बांधणीच्या निमित्ताने ही गोष्ट आराखड्यात यावी. खासबाग मैदान पाठीलाच असल्याने एका वायरिंगमध्ये दोन्हींची सोय होते. इतर सभागृहांनी पुढच्या दुरुस्तीची वाट पाहू नये, हा खर्च एका दिवसाच्या एलईडी भिंतीच्या भाड्याच्या आसपासचा आहे.

नेमके हवे ते असे: रंगमंच ते मागची भिंत कॅट ६ च्या दोन केबल, त्यातली एक सभागृहाच्या फायबर राउटरला कायम जोडलेली, मिक्सरच्या जागेपासून त्याच ठिकाणी एक्सएलआर टोकांच्या (माइकला असतात तशा तीन पिनांच्या) दोन बॅलन्स्ड, म्हणजे गुणगुण टाळणाऱ्या, आवाजाच्या लाइन, आणि मिक्सरला जिथून वीज जाते त्याच बोर्डावरून, त्याच अर्थिंगचे दोन सॉकेट. राउटरला यूपीएस. कार्यक्रमाच्या तीन तासांपुरता प्रेक्षकांचा वायफाय त्या राउटरवरून बंद करता यावा आणि तो कुणी बंद करायचा, हे व्यवस्थापकाला माहीत असावे. वायरी विजेच्या नळीतून न नेता वेगळ्या नळीतून न्याव्यात, आणि त्या नळीत एक रिकामी दोरी सोडून ठेवावी. पाच वर्षांनी नवी केबल ओढायला तीच कामी येते.

आपले,
थेट प्रक्षेपणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ, कोल्हापूर